उद्यमनगरातलं ‘नको’ म्हणणारं गॅरेज

या गॅरेजला पाटी नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीमागच्या बोळात पत्र्याचं शेड आहे, दारात चिंच, आणि चिंचेखाली जुन्या जीपची मागची सीट बाकासारखी मांडलेली. मालकांना सगळे चाचा म्हणतात. नाव छापू नका असं त्यांनी मला बजावलंय, म्हणून ते लिहीत नाही. पण गॅरेजबद्दल लिहायलाच हवं. गाडी डोंगरात न्यायची म्हणून पैसे घेऊन निघालेल्या माणसाला पहिल्यांदा कुणाकडे जावं हे कुणी सांगत नाही, आणि मी त्यापायी बावन्न हजार घालवून बसले होते.

मी शाहूवाडी तालुक्यात गुरांची डॉक्टर आहे, राहते मलकापूरला. पावसाळ्यात माझी निम्मी बोलावणी धनगरवाड्यांवरून येतात. तिथं डांबर वर पोचतच नाही. अर्ध्या वाटेत पाणंद लागते, मग लाल माती, मग ओढा. 2021 साली मी जुनी जिप्सी किंग घेतली, 2009 ची. 1298 सीसीचं पेट्रोल इंजिन, 80 अश्वशक्ती. वजन जेमतेम टनभर. पुढं-मागं दोन्हीकडं अखंड अ‍ॅक्सल, पाट्यांचं सस्पेन्शन, आणि हातानं टाकायचा लो गिअर. ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं, गुणोत्तर हायमध्ये 1.409 आणि लोमध्ये 2.268 आहे. म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाला साधारण 1.6 पट ओढ मिळते. मारुतीनं ही गाडी 1985 साली आणली, लष्करानं वर्षानुवर्षं वापरली आणि नव्या जिप्सी मिळणं बंद झालं तरी डोंगरातली माणसं ती सोडायला तयार नाहीत. बसायला ती कडक आहे, पॉवर स्टिअरिंग नाही, खड्डा पाठीच्या मणक्यापर्यंत कळतो. मला ती तशीच आवडते.

घेतल्या घेतल्या मी एका सजावटीच्या दुकानात गेले. त्यांनी 235/75 आर 15 चे टायर बसवले, गाडी उंच करायला लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारे दुवे) लावले, पुढं लोखंडी बंपर ठोकला, टपावर दिव्यांची पट्टी लावली. दिसायला गाडी फार देखणी झाली होती. पहिल्याच आठवड्यात पूर्ण वळण घेताना टायर पाट्याला घासू लागला. साठच्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं आणि सरळ रस्त्यावर गाडी डावी-उजवी शोधत चालायची. दोन महिन्यांनी टायर बदलताना पंक्चरवाल्या पोरानं दाखवलं, पुढचा ब्रेकचा होस पाइप तारेसारखा ताणला गेला होता. गाडीत माझ्याशेजारी माझा मुलगा बसतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चाचांचा पत्ता बांबवड्याच्या एका काकांनी दिला. त्यांची म्हैस मी वर्षभर बघत होते आणि त्यांच्या गोठ्याशेजारी जुनी एमएम 540 जीप उभी असायची.

पहिल्या दिवशी चाचांनी गाडीला पाना लावला नाही. खाली आडवे होऊन त्यांनी आधी चिखल कुठं कुठं साठलाय ते बघितलं. मग पाण्याच्या मोठ्या झोतानं तळ धुतला आणि छोट्या हातोडीनं चासी ठोकत गेले, आमच्याकडं कलिंगड ठोकून बघतात तसे. दोन ठिकाणी आवाज बसका आला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आतून गंजला होता, वर मॅट असल्यामुळं मला कधी दिसलाच नव्हता. एका कागदावर त्यांनी दोन रकाने केले. एकात ‘पायजे’, दुसऱ्यात ‘नको’. मी मागितलेलं जवळजवळ सगळं दुसऱ्या रकान्यात गेलं.

टायरचंच घ्या. कंपनीचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिलिमीटर उंचीचा असतो, 235/75 चा 733 च्या आसपास. म्हणजे जवळपास दहा टक्के मोठा. अ‍ॅक्सल जमिनीपासून फक्त तीनेक सेंटिमीटर उचलला जातो, पण प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी जड होतो, काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टनं धावते आणि ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागतं. “टायर घालायचा म्हणालासा तर घालतो बी,” चाचा म्हणाले, “पर मग धनगरवाड्याचा चढ पैल्यात बी उचलायची न्हाई. क्लच जाळत बसशीला.” त्यांनी 215/75 आर 15 चे ऑल-टेरेन सुचवले. हा टायर पाच टक्क्यांनी मोठा आहे, कुठंही घासत नाही आणि त्यासाठी गाडी उंच करावी लागत नाही. लांब शॅकल काढून मूळचे लावले. पुढच्या अ‍ॅक्सलला लांब शॅकल लावले की ज्या खुंटीवर चाक वळतं तिचा मागचा कल, म्हणजे कॅस्टरचा कोन, कमी होतो आणि स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं विसरतं, हे मला तेव्हा कळलं.

थरथर मात्र टायरमुळं नव्हती, त्या खुंटीच्या, म्हणजे किंगपिनच्या, बेअरिंगमुळं होती. दोन्ही बाजूंची बेअरिंगं आणि सील नवी घातली. शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकल्यावर चाचांनी नकलला, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागाला, ताणकाटा अडकवला, आपण शाळेत प्रयोगाला वापरायचो तसला, आणि किती ओढीला नकल फिरतो ते आकड्यात बघितलं. एक शिम काढली, पुन्हा ओढलं. असं चार वेळा. अंदाजानं आवळून मोकळा होणारा मिस्त्री मी खूप बघितलाय. इथं तो ताणकाटा बघितला आणि माझा जीव त्या शेडवर बसला.

पाटे सगळे सुटे केले, गंज घासला, बसलेल्या पाट्यांना कमान देऊन आणली, बुश नवे घातले. चासीला पुढं-मागं ओढायचे हुक बसवले, 8.8 ग्रेडच्या बोल्टनी. मागं जो ट्रेलरचा गोळा होता तो काढून टाकला. अडकलेली गाडी त्या गोळ्याला दोर लावून ओढली तर तो तुटून तोफगोळ्यासारखा काचेतून आत येऊ शकतो. पुढच्या चाकांना हातानं लॉक करायचे हब घातले, लॉक केले की चाक अ‍ॅक्सलला जोडलं जातं. चिखलात उतरून ते फिरवावे लागतात, पण लागलेत की नाही याची शंका राहत नाही. लोखंडी बंपर भंगारात गेला. असल्या बुलबारवर केंद्र सरकारनं डिसेंबर 2017 मध्येच बंदी घातली आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानं नोंदणीतल्या तपशिलात बदल होईल असं काही करता येत नाही. 2024 मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, पुनर्नोंदणीच्या तपासणीला न्यावी लागली, तेव्हा ती मूळ रूपात असल्याचं मोल मला कळलं.

मला स्नॉर्कल हवं होतं, म्हणजे पाण्यात इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी. त्याऐवजी त्यांनी साडेतीनशे रुपयांत दोन नळ्या बसवल्या, आणि माझ्या मते या गॅरेजमधलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला, म्हणजे डिफरन्शियल किंवा डिफला, हवा जायला-यायला एक छोटा ब्रीदर असतो. तास-दीड तास चढ चढून डिफ तापलेला असतो, आपण ओढ्यात उतरतो, गार पाण्यानं तो एकदम निवतो आणि आतली हवा आकसते. मग तो ब्रीदरमधून, सीलमधून, जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेतो. वरून काहीच कळत नाही. महिन्याभरानं तेल ताकासारखं पांढरं होतं आणि बेअरिंग जातात. ब्रीदरला नळी जोडून तिचं दुसरं टोक उंच, पुढची इंजिनच्या खणात आणि मागची टपाच्या खांबाजवळ नेली की डिफ पाण्याऐवजी हवा ओढतो. स्नॉर्कल का नको याचं उत्तर त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दिलं. पाणी याच्या वर असेल तर गाडी अलीकडं ठेवायची. टनभराची गाडी वाहत्या पाण्यात तरंगायला लागते, तिथं इंजिन चालू असून काय उपयोग?

पैसे लिहिते, कारण लोक हेच आधी विचारतात. हे 2022 चे आकडे आहेत. पत्रा कापून जोडायला 14,000, किंगपिनचं सामान 6,500, पाट्यांचं काम 5,500, चार शॉक अ‍ॅब्सॉर्बर 9,000, पाच टायर 34,000, ब्रीदर 350. हुक आणि जुन्या बाजारातले हब धरून मजुरी 18,000. सगळे मिळून 87,350 रुपये, प्रत्येक सामानाच्या पावतीसकट. काढलेले जुने भाग पोत्यात घालून परत दिले.

तक्रारी आहेत. पंधरा दिवस सांगून सात आठवडे लावले. त्या काळात मी भाच्याच्या मोटारसायकलवरून औषधांची पेटी मांडीवर घेऊन फिरले, आणि एकदा वेळेवर न पोचल्यामुळं एका माणसाची गाभण शेळी गेली. ते मी विसरलेली नाही, चाचांनाही सांगितलंय. फोन ते उचलत नाहीत. वायरिंगचं काम ते करत नाहीत, त्यासाठी दुसरीकडंच जावं लागतं. आणि काम चालू असताना तिथं उभं राहायची तयारी नसेल तर त्यांना ते आवडत नाही. ज्याला पाना धरायचा नाही त्यानं डोंगरात एकट्यानं जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं आहे.

तिथं उभं राहिल्यामुळंच मला सोबत मिळाली. रविवारी सकाळी चिंचेखालच्या त्या सीटवर माणसं जमतात. बांबवड्याचे काका, गडहिंग्लजचे एक सर ज्यांच्याकडं जुनी थार आहे, निपाणीचा एक पोरगा नवी जिमनी घेऊन येतो, साखर कारखान्यातला एक फिटर ज्याच्याकडं गाडीच नाही पण समोर उभं राहून हाताच्या खुणांनी वाट दाखवण्यात ज्याच्याइतका चांगला मी बघितला नाही. पहिल्या रविवारी मी एकटीच बाई होते. कुणी त्याचा विषय काढला नाही. सरांनी चहाचा कप दिला आणि विचारलं, “डॉक्टर, चिखलात हवा किती ठेवता?” मी म्हटलं, जेवढी रस्त्यावर, सव्वीस पीएसआय. त्यांनी मला अठरावर आणायला शिकवलं. टायर लांबट पसरतो आणि मातीला जास्त धरतो. परत रस्त्याला लागताना हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

जुलैत काकांच्या स्वतःच्या रानात पहिली फेरी झाली. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या पावसानं भरल्या होत्या आणि पुढं एक बंद पडलेली दगडखाण. ट्रॉलीची चाकोरी जिप्सीपेक्षा रुंद, त्यामुळं एक बाजू खाली, एक वर. मधेच माझं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं. साधा डिफ सगळी ताकद मोकळ्या चाकाला देतो, तसं ती दोन चाकं नुसती भिरभिरली. मी अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबला. फिटरनं दोन्ही हात वर केले. जवळ येऊन सांगितलं, दुसरा गिअर, लो, आणि डाव्या पायानं ब्रेक हळूच. ब्रेक लागला की मोकळ्या चाकाला अडसर होतो आणि ओढ जमिनीवरच्या चाकाकडं वळते. गाडी बोटभर सरकली, मग हातभर, मग बाहेर.

या मंडळींचे नियम कडक आहेत आणि मला ते पूर्ण पटतात. हात दाखवणारा एकच, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. दोर ताणला की त्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, दोरावर ओलं पोतं टाकायचं. रान ज्याचं, त्याला विचारल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चाक घालायचं नाही. मसाई पठार असो की कास, त्या कातळावरची माती बोटभर जाडीची असते, पावसाळ्यातली फुलं तेवढ्यावरच जगतात आणि एका गाडीची चाकोरी वर्षानुवर्षं भरून येत नाही. जिमनीवाल्या पोरानं एकदा तिकडचा बेत काढला होता. काकांनी त्याला रागावून नाही, हाताला धरून चिंचेखाली बसवून समजावलं. आता तोच नव्या लोकांना सांगतो.

2023 च्या ऑगस्टमध्ये रात्री दहाला धनगरवाड्यावरून फोन आला, म्हैस अडली होती. पाऊस कोसळत होता. मी काकांना फोन केला आणि ते एमएम घेऊन मागून आले. एकट्या गाडीनं जायचं नाही, हाही नियमच. ओढ्यावर मी आधी काठी घेऊन चालत गेले, पाणी पोटरीपर्यंत होतं. हब लॉक केले, लो टाकला, पलीकडं गेलो. रेडकाची मान मागं वळली होती. सरळ करायला तासभर लागला. रेडी जगली. पहाटे परतताना ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर होतं, म्हणून आम्ही दोघं अलीकडंच एका खोपटात उजाडेपर्यंत बसून राहिलो.

त्या आठवड्यात चाचांनी दोन्ही डिफचं तेल सोडून बघितलं. मधाच्या रंगाचं होतं, पाण्याचा थेंब नाही.

जायचं असेल तर शुक्रवार सोडून कधीही जा, सकाळी दहाच्या आत. पावसाळ्याआधी काम हवं असेल तर गाडी फेब्रुवारीतच द्या. आणि धुऊन नेऊ नका, चिखल कुठं बसलाय ते त्यांना आधी बघायचं असतं.