गुडघेदुखी, गडांची उतरण आणि ट्रेकिंग पोल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैपासून या फेब्रुवारीपर्यंत मी ट्रेकिंग पोलची, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या आधाराच्या काठ्यांची, एक जोडी सह्याद्रीत सातत्याने वापरली. गुडघे दुखत असूनही गड सोडायची ज्यांची तयारी नाही, अशा माझ्या वयाच्या भटक्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. माझे वय 63 असून उजव्या गुडघ्याच्या सांध्यातील अंतर कमी झाल्याचे दोन वर्षांपूर्वी एक्स-रेमध्ये दिसले होते. चढताना मला दम लागतो, पण गुडघा दुखत नाही; तो दुखतो उतरताना, वाटीच्या मागे, आणि सर्वाधिक उंच पायऱ्यांवर.

उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणले जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरावे लागते आणि त्याच्या ओढीने वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. गुडघा जितका वाकतो तितका हा दाब वाढतो. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 25 अंशांच्या उतारावर दोन काठ्यांमुळे गुडघ्यावरील भार 12 ते 25 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. ते मोजमाप तयार केलेल्या सरळ उतारावरचे होते. आपल्याकडचा मुरूम, घसारा (सुट्या दगडमातीचा निसरडा उतार) आणि ओबडधोबड कातळ तसा नसतो, म्हणून स्वतः वापरून पाहणे मला आवश्यक वाटले.

पहिले दोन महिने मला काहीच फरक जाणवला नाही, कारण मी काठ्या शरीराच्या बाजूला टेकवत होते. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेने दर आठवड्याला उतरताना हळूहळू लक्षात आले की काठी आधी खालच्या टप्प्यावर टेकवून, तिच्यावर खरोखर वजन देऊन, मगच पाऊल टाकले पाहिजे. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी लांबी मी ठेवते आणि उतरणीला ती पाच ते दहा सेंटिमीटरने वाढवते. काठीच्या मुठीला असलेल्या पट्ट्यात हात खालून वर घालून मूठ धरली की भार मनगटाकडे जातो आणि बोटे आखडत नाहीत. मात्र घसाऱ्यावर मी हात पट्ट्यातून मोकळे ठेवते, कारण पडताना अडकलेली काठी मनगट मुरगळू शकते.

डिसेंबरमध्ये राजगडावर गुंजवण्याच्या वाटेने चोर दरवाजातून चढून पाली दरवाजाने उतरले. पाली दरवाजाच्या पायऱ्या रुंद असल्यामुळे दोन्ही काठ्या एकदम पुढे टेकवता आल्या, आणि पायथ्याला पोहोचल्यावर गुडघ्याला सूज नव्हती, जी आदल्या वर्षी याच उतरणीनंतर तीन दिवस राहिली होती. चोर दरवाजाखालच्या कातळटप्प्यावर मात्र काठ्या आखडून पिशवीला बांधल्या. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनाही हाच नियम लागू आहे.

काठीची रचना निवडताना मी एकदा चुकले होते. माझी आधीची जोडी पिळून घट्ट करायची होती. तिचा एक भाग ऐन उतरणीत आत सरकला आणि मी गुडघ्यावरच आपटले. आताच्या जोडीला बाहेरून दाबायची खिट्टी आहे, तिचा स्क्रू महिन्यातून एकदा आवळावा लागतो, पण ती एकदाही सरकलेली नाही. नळ्या ॲल्युमिनियमच्या आहेत. कातळात अडकून ताण आल्यास ॲल्युमिनियम बहुधा वाकते, तर कार्बन फायबर तुटू शकते, म्हणून थोडे अधिक वजन मी आनंदाने स्वीकारले. पावसाळी भटकंतीनंतर तिन्ही भाग वेगळे करून वाळवावेत आणि जोडांना तेल मुळीच लावू नये, नाहीतर पकड जाते. शेवाळलेल्या कातळावर काठीचे टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे टोकही घसरते, तिथे काठीवर विसंबू नये. गडाच्या जुन्या पायऱ्यांवर मी टोकांना रबरी टोपी घालते, कारण धातूच्या टोकाने दगडावर ओरखडे उठलेले मला पाहवत नाहीत.

या सुधारणेचे सर्व श्रेय काठ्यांना देणे योग्य होणार नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले, पाय सरळ ठेवून उचलण्याचे आणि कमी उंचीच्या पायरीवरून सावकाश उतरण्याचे व्यायाम याच काळात मी जवळजवळ रोज केले. जानेवारीत तीन आठवडे ते सुटले, तेव्हा त्याच काठ्या हाती असूनही सिंहगडाची उतरण पुन्हा दुखली. काठीने भार वाटून घेतला, तरी पाऊल स्थिर ठेवण्याचे काम मांडीलाच करावे लागते. उतरताना गुडघा अचानक लचकत असेल, अडकत असेल किंवा रात्रीही दुखत असेल, तर काठी विकत घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आठ महिन्यांत चार रबरी टोप्या झिजल्या, त्यामुळे जोडी घेतानाच जास्तीच्या टोप्या घ्याव्यात.