साधना की इपीडब्ल्यू? कोकणातल्या वाचनालयासाठी

एकाच साप्ताहिकाच्या वर्गणीपुरते पैसे आहेत आणि ते डावीकडे झुकणारं असावं असं समितीचं ठरलंय, तर गाडी बहुतेक या दोन नावांवर येते. वयाने दोन्ही जवळपास बरोबरीची. 'साधना' 15 ऑगस्ट 1948 ला साने गुरुजींनी सुरू केली. इंग्रजी 'इकॉनॉमिक वीकली' जानेवारी 1949 मध्ये सचिन चौधरींनी काढलं. मालकांशी मतभेद होऊन ते 1965 अखेर थांबलं आणि ऑगस्ट 1966 मध्ये समीक्षा ट्रस्टतर्फे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' (इपीडब्ल्यू) या नावाने पुन्हा उभं राहिलं.

दोन्हींतलं डावेपण मात्र एका जातीचं नाही. 'साधना' समाजवादी वळणाची: राष्ट्र सेवा दल, सत्याग्रह, जातिनिर्मूलन, अंधश्रद्धेला विरोध. कोकणाला हे घरचंच. गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, आणि राजापूरच्या लोकसभेच्या जागेवर 1957 पासून 1991 पर्यंत आधी नाथ पै, मग मधु दंडवते, दोघेही समाजवादी. म्हणून इथला जुना वाचक 'साधना' उघडतो ती ओळखीच्या माणसाचं पत्र आल्यासारखी. इपीडब्ल्यूत मार्क्सवादी आणि उदारमतवादी एकाच अंकात भांडतात, तेही तक्ते आणि तळटीपा घेऊन. भारतीय शेतीत भांडवलशाही आली की नाही, हा 1970 च्या दशकातला वाद तिथे वर्षानुवर्षं चालला.

इतिहास पाहायचा तर संपादकाच्या खुर्चीकडे पाहावं. यदुनाथ थत्ते संपादक असताना 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधने'त दलित पँथरचे राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापून आला. राष्ट्रध्वजाबद्दलच्या त्यातल्या शब्दांवर महाराष्ट्रभर गदारोळ झाला, समाजवादी गोटातूनही टीका झाली. आपल्याच वाचकाला दुखावेल असा मजकूर छापायची तयारी, ही 'साधने'ची आमच्या मते सर्वात मोठी मिळकत. पुढे 1998 पासून नरेंद्र दाभोलकर संपादक होते. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला तेव्हाही तेच होते.

इपीडब्ल्यूची घडी कृष्ण राज यांनी बसवली. 1969 ते 2004, पस्तीस वर्षं एकच संपादक. विश्वस्त संस्थेची दुसरी बाजू 2017 मध्ये दिसली. एका उद्योगसमूहाच्या कायदेशीर नोटिशीनंतर विश्वस्त मंडळाने लेख उतरवायला सांगितला आणि संपादक परंजय गुहा ठाकुरता यांनी राजीनामा दिला. मालक नसला म्हणजे दबाव नसतो, असं नाही.

पक्षाचं मुखपत्रच हवं असेल तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं 'जीवनमार्ग' आहे. पण ते मुखपत्र म्हणूनच वाचावं.

आमचा कौल: वाचनालयात येणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, गृहिणी, शाळकरी मुलं असतील तर 'साधना'. तिचा बालकुमार दिवाळी अंक मुलं खरंच वाचतात. जवळ वरिष्ठ महाविद्यालय असेल किंवा स्पर्धा परीक्षेची मुलं टेबलं अडवून बसत असतील, तर इपीडब्ल्यू. पण मग इंग्रजी वाचून दाखवणारा, दर आठवड्याला एक लेख निवडून फळ्यावर लावणारा कोणीतरी हवा. नाहीतर अंक टपालाच्या वेष्टनातच राहतात. इपीडब्ल्यूचे जुने अंक 1949 पासून संगणकावर वाचता येतात, त्यामुळे वर्गणीआधी जवळच्या महाविद्यालयात ती सोय आहे का विचारा. असेल तर छापील प्रत घेण्यात फारसा अर्थ नाही.

आता जपणूक. वर्षाला साधारण 50 अंक, म्हणजे सहामाही दोन खंड. बांधणीआधी तारेच्या पिना काढा. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि मधली पानं तपकिरी होऊन तुटतात. दोऱ्यानेच शिवून घ्या. इपीडब्ल्यूचा खंड जानेवारीत बदलतो; इतरांचा 'वर्ष' आणि 'अंक' मुखपृष्ठावर पाहूनच खंड पाडा. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, पावसात भिंत पाझरते. खंड ऑक्टोबरमध्ये बाहेर काढून सावलीत वारवा, उन्हात कागद कुरकुरीत होतो. न आलेल्या अंकांची नोंद वहीत करून त्याच महिन्यात कळवा, कारण उशीर झाला की शिल्लक प्रत मिळत नाही आणि खंडाला कायमचं भोक पडतं.