‘तीन महिन्यांत मुळासकट’: स्वादुपिंडाचा जुना आजार, सुटलेली नोकरी आणि घरात शिरणारे ठग

क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिस, म्हणजे पाचकरस आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाची जुनाट सूज, असलेल्या घराला लुबाडणारा माणूस रुग्णाशी फारसा बोलतच नाही. तो आईशी बोलतो, बायकोशी बोलतो. ‘मावशी, तुमच्या पोराले तीन महिन्यांत मुळासकट बरं करतो. ऑपरेशन कराल तर जिंदगीभर पस्तावाल.’ रुग्ण आतल्या खोलीत पोट आवळून पडलेला असतो. नागपूरजवळच्या हिंगण्याची किंवा बुटीबोरीची नोकरी सुटलेली असते, शहरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांची फाइल जाड झालेली असते आणि ‘हे सारं दारूनं केलं’ यावरून घरात अबोला असतो. या ठगाच्या पुडीत औषध असो वा नसो, तो विकतो ते मात्र एकच: घरातला ताण उद्यापासून संपेल हे आश्वासन. म्हणून त्याची चाल आणि घरातला ताण, दोन्हींबद्दल एकत्रच सांगायला हवं.

सुरुवात मोबाइलवरच्या व्हिडिओने होते. खाली नंबर असतो. फोन केला की समोरचा ‘वैद्यजी’ व्हॉट्सॲपवर सोनोग्राफीचा रिपोर्ट मागवतो, पाच मिनिटांत ‘खडे विरघळतील’ म्हणतो आणि आज पैसे भरले तर सूट देतो. कुरिअरने येते ती प्लास्टिकची पारदर्शक पिशवी: तपकिरी चूर्णाच्या कागदी पुड्या, बिनानावाच्या काळ्या गोळ्या आणि पेनाने लिहिलेली ‘सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यासोबत’ अशी चिठ्ठी. परवानाधारक आयुर्वेदिक औषधावर घटकांची यादी, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो. पिशवीवर यातलं काही नसेल आणि सोबत बिलही नसेल, तर ती उघडूच नका.

स्वादुपिंडातले खडे कॅल्शियमचे असतात. तोंडाने घ्यायच्या औषधाने ते खात्रीने विरघळतात असा उपाय आज नाही. त्यावर शॉकवेव्ह (बाहेरून लहरींनी खडे फोडणं), एन्डोस्कोपी (तोंडातून नळी घालून ते काढणं) आणि शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत. कोणाला कोणता, ते पोटविकारतज्ज्ञ ठरवतात. ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ रिपोर्ट शेजारी ठेवून खडे गेल्याचं दाखवतात, तिथे तो रिपोर्ट सोनोग्राफीचा आहे का ते पाहा. स्वादुपिंड पोटात खोल असतं, पुढे आतड्यातला वायू आला तर सोनोग्राफीत ते नीट दिसतच नाही. रक्तातलं अमायलेज-लायपेज (स्वादुपिंडातून येणारे पाचक एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणजे आजार गेला, हेही खोटं. जुन्या आजारात ते नॉर्मल येऊ शकतं.

मग पुडी घेतल्यावर बरं का वाटतं? या प्रश्नावर थांबायला हवं, कारण शहाणीसुरती घरंही इथेच फसतात. या आजाराचं दुखणं बऱ्याच जणांत लाटेने येतं: काही दिवस असह्य, मग मधले बरे दिवस. फोन केला जातो तो सर्वांत वाईट दिवशी, पुडी पोचेपर्यंत लाट ओसरायला लागलेली असते. श्रेय पुडीला जातं. दुसरं कारण जास्त घातक. अशा बेनामी चूर्णांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं आढळलं आहे. भूक वाढते, दुखणं दबतं, पुढे चेहरा सुजतो, साखर चढते. स्वादुपिंड खराब झाल्याने होणाऱ्या मधुमेहात साखर आधीच पटकन वर-खाली होते, त्यात ही भर. काही भस्मयुक्त औषधांत शिसं सापडलेलं आहे आणि शिशाच्या विषबाधेनेही पोटात कळा येतात, त्या जुन्याच दुखण्याच्या समजल्या जातात. पुडी काही आठवडे घेतली असेल तर ती मनानेच एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि न लाजता दाखवा.

ठगाला सर्वांत मोठी मदत होते ती ‘इंग्रजी औषधाने काही होत नाही’ या अनुभवाची. तो अनुभव खरा असतो, पण कारण वेगळं असतं. पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल पुरेशा मात्रेत आणि नेमक्या वेळी घेतल्या तरच चालतात. मोठ्या माणसाला मुख्य जेवणासोबत साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज आणि मधल्या खाण्यासोबत २५,००० च्या आसपास, अशी सुरुवात सहसा असते. घरात येते १०,००० ची डबी आणि रुग्ण एक कॅप्सूल घेतो, तीही जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं होत राहतं, वजन उतरत राहतं. कॅप्सूल पहिल्या घासासोबत आणि जास्त असतील तर एक जेवणाच्या मध्ये, न चावता घ्यायची. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि किती युनिटची डबी आहे ते दुकानातच वाचा. शिवाय आपल्याकडचा मे महिना! पारा ४५ अंशांवर जातो, स्कूटरच्या डिकीत तर त्याहून जास्त. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. डबी बंद, कोरड्या, थंड जागी ठेवा. पाकिटावर तापमान छापलेलं असतं, ते पाळा. ‘वैद्यजी’ ज्या गोळ्या पहिल्यांदा बंद करायला सांगतो त्या याच, सोबत इन्सुलिनही. तसं सांगणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

आता घरातलं. दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे आणि सिगारेट-बिडीने तो वेगाने बिघडतो, हे खरं. पण थेंबही न घेणाऱ्यांना तो होतो. भारतात असे रुग्ण बरेच आहेत आणि काहींमध्ये जनुकीय दोष सापडतात. ‘प्यायला म्हणून भोगतोय’ हे वाक्य घरात रोज फिरत असेल तर रुग्ण दुखणं लपवायला लागतो, बायको उधारी लपवते, आई पुडी लपवून मागवते. लपवाछपवीचं घर ठगाला सोपं जातं. त्याचाच जोडधंदा म्हणजे ‘दारू सोडवायची पूड, न सांगता चहात घाला’. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असलं आणि माणूस प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. आणि चहात काही मिसळलं होतं हे एकदा कळलं, की तो घरातलं खरं औषधही विश्वासाने घेत नाही. व्यसन सोडायचं तर नागपुरातल्या मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या, मानसोपचार विभागात, त्याला सांगून, त्याच्यासोबत जा.

काही सवयी घराला खरोखर वाचवतात. दुखणं शून्य ते दहा अशा आकड्यात वहीत लिहा. सोबत काय खाल्लं, किती कॅप्सूल, साखर किती, शौचाला कसं झालं. महिन्याभरात लाट कागदावर दिसायला लागते आणि ‘कधीच बरं नसतं’ हे वाटणं थोडं सैल होतं. दुखण्याच्या दिवशी पैशाचा एकही नवा निर्णय घ्यायचा नाही, नवं औषध किंवा उपाय दोघांच्या संमतीशिवाय नाही आणि त्या दोघांत एक स्वतः रुग्ण असला पाहिजे. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करून ठेवा. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातून घरचा व्यवहार काढून घेऊ नका. वीजबिल, किराण्याचा हिशोब, पोरांचा अभ्यास त्याच्याकडेच राहू द्या. ‘मी आता ओझं झालो’ हे त्याच्या तोंडून आलं तर विषय बदलू नका, ऐकून घ्या, थेट विचारा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलला तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सांभाळणाऱ्यानेही तो लावावा. रात्रभर कूस बदलत राहणाऱ्या बायकोचं दुखणं कोणी वहीत लिहीत नसतं.

नोकरी सुटलेल्या घराला आणखी दोन जाळी लागतात. एक घरबसल्या कामाचं. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्या म्हणतात, सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरेच जमा करतात, मग ‘प्रीपेड टास्क’साठी हजारो भरायला लावतात. डाटा एन्ट्रीत अशक्य अचूकता मागून, काम नापास करून, करारभंगाची खोटी वकिली नोटीस धाडतात. ‘तुमचं खातं वापरू द्या, कमिशन देतो’ हे तर थेट गुन्ह्यात अडकवणारं आहे. काम देणारा आधी पैसे मागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

दुसरं जाळं योजनांच्या दलालांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो आणि तो पैसे घेत नाही. कोणता उपचार योजनेत बसतो ते त्यालाच विचारा, किंवा १५५३८८ वर. अपंगत्वाचा दाखला मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा आजार नाही, म्हणजे तो खोटाच कागद विकतो आहे. पीएफचे पैसे काढायला उमंग ॲप पुरतं, त्याला फी नाही. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर नोकरी सोडण्याआधी आजारपणाच्या भत्त्याची चौकशी शाखा कार्यालयात करा. राजीनामा दिल्यावर ही वाट अवघड होते.

पैसे गेलेच असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात जास्त असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने दिलेला ओळख क्रमांक), समोरच्याचा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट, कुरिअरचं पाकीट आणि उरलेली पुडी सांभाळून ठेवा. पुडी फेकू नका, तोच पुरावा आहे. बँकेलाही लेखी कळवा. औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे १८००२२२३६५ वर करा. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, त्या जाहिरातीचा व्हिडिओही जपून ठेवा.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तो पोलिसांचा नसतो. अडकलेली रक्कम परत देण्यासाठी पोलीस किंवा बँक फी मागत नाही. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.