चॅसिसचा काळा रंग, सतरा महिने आणि एक झाकण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ब्रेकच्या पाइपची सैल झालेली एक क्लिप बदलण्यासाठी गाडी स्टँडवर चढवली. पुढच्या आडव्या नळीवर नख लागले आणि तिथला रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा अलगद सुटून हातात आला. वीतभर लांबीची, एकसंध, चकचकीत काळी पट्टी होती. तिच्याखालचे लोखंड मधोमध अगदी स्वच्छ होते आणि कडेने मात्र तपकिरी रेघ धरू लागली होती. ज्या रंगाची मी वर्षभर चारचौघांत तारीफ करत आलो, त्याच्याविषयी आता सविस्तर आणि कमी उदारपणे लिहिण्याचे निमित्त एवढेच.

गाडी घरी बांधलेली आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या आमच्या एका गाडीपुरत्या गॅरेजमध्ये, १९५७ च्या लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या, दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर, २५ मिमीच्या चौकोनी नळ्या जोडून चौकट, म्हणजेच चॅसिस, उभी केली; यंत्र, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून घेतला. हे वाचणाऱ्यांना बाकीचा तपशील ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. रंग म्हणजे हवेतल्या ओलाव्याने कडक होणारा एकडबी पॉलियुरेथेन. बनवणाऱ्याचे नाव देत नाही. या प्रकारचे तीन-चार रंग बाजारात आहेत आणि त्यांचा स्वभाव बहुधा सारखाच असतो.

पावडर कोटिंगचा विचार केला नव्हता असे नाही. पण त्यासाठी चौकट भाड्याच्या व्हॅनमधून नेऊन १८० ते २०० अंशांच्या भट्टीत घालावी लागते आणि एकदा ती झाली, की नंतर सुचलेला एखादा ब्रॅकेट वेल्ड करायचा म्हणजे तेवढा भाग जाळून टाकायचा. मला तर हँडब्रेकचा ब्रॅकेट नंतरच सुचणार, हे मला माझ्याविषयी आधीच माहीत होते. शिवाय नळ्या जिथे कोनात मिळतात तिथे विद्युतभारित पावडर आतपर्यंत पोचत नाही, आणि टवका उडाला तर पाणी थराखालून पसरत जाते आणि वरून काही दिसत नाही. ब्रशने लावता येणारा, कुठेही डागडुजी करता येणारा रंग मला म्हणूनच शहाणपणाचा वाटला. आजही तो निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही.

चुकले ते झाकण. हा मुद्दा एवढा ताणण्यासारखा नाही असे घरचे म्हणतात, पण पैसे माझे गेले आहेत. हिशेब साधा आहे. माझ्या चौकटीला साधारण ३६ मीटर नळी लागली. चारही बाजू धरून पृष्ठभाग भरतो ३.६ चौरस मीटर. डब्यावर छापलेल्या प्रमाणाने ९४६ मिलीचा एक डबा दोन हातांना पुरून उरायला हवा होता. पण चौकट एका दिवसात सगळ्या बाजूंनी रंगवता येत नाही. आधी वरची बाजू, मग उलटी करून खालची, आणि मधल्या दिवसांत नोकरी. पहिल्या शनिवारी निम्मा डबा वापरला, झाकण नीट ठोकून बसवले, आणि पुढच्या शनिवारी ते स्क्रूड्रायव्हरने निघेना, छिन्नीने निघेना. शेवटी कानस घालून उचकटले तेव्हा झाकणाची कड फाटली आणि आत रबरासारखी काळी चकती सापडली. या रंगाला सुकायला ओलावा लागतो, आणि डब्याच्या खाचेत राहिलेल्या थेंबाला तो हवेतून आयताच मिळतो. मग तो थेंब झाकण डब्याला इतके घट्ट चिकटवतो, की हाच रंग गोंद म्हणून विकला असता तर मी पाच तारे दिले असते.

दुसऱ्या डब्याच्या वेळी मी शहाणा झालो होतो. डब्यात ब्रश बुडवायचा नाही, लागेल तेवढा रंग कागदी पेल्यात काढायचा, खाच कापडाने कोरडी पुसायची, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालायचा, हे सगळे केले. झाकण या वेळी निघाले. पण कागदाच्या चुणीतून हवा गेली असावी, कारण रंगावर जाड साय धरली होती आणि ती काढून गाळलेल्या रंगात गाठी राहिल्या. तिसऱ्या डब्याचे झाकण मी उघडलेच नाही. त्याला स्क्रूने एक बारीक भोक पाडले, रंग ओतून घेतला आणि तोच स्क्रू परत पिळून बसवला. ही युक्ती चालली, सुमारे तीन आठवडे. प्रत्येकी सुमारे ४५ पौंडांचे तीन डबे झाले, आणि त्यांतला मिळून दीड डब्याहूनही कमी रंग चॅसिसवर गेला. हाच रंग शंभर-सव्वाशे मिलीच्या लहान डब्यांच्या संचातही मिळतो, हे मला तिसरा डबा घेतल्यानंतर कळले. त्या संचात दर मिलीला भाव जास्त पडतो म्हणून मी तो पानावर पाहूनही पुढे सरकलो होतो, हे कबूल करतो.

लावायला मात्र रंग सुरेख आहे. ब्रशच्या रेघा आपोआप मुरतात, वेल्डिंगच्या खाचाखोचांत तो स्वतः शिरतो आणि सुकल्यावर काचेसारखी चमक येते. जाड हात मारला तर आत वायू अडकून बुडबुडे येतात, म्हणून दोन्ही हात पातळच हवेत. रंगातल्या आयसोसायनेट या श्वासाला घातक रसायनामुळे साधा कापडी मास्क चालत नाही. योग्य फिल्टरचा मुखवटा, उघडे दार आणि हातमोजे यांत काटकसर करू नये. मी हातमोज्यांत केली. सप्टेंबरमध्ये गणपतीच्या आरतीला सभागृहात टाळ्या वाजवताना माझ्या उजव्या मनगटावर काळा पट्टा होता आणि तो विसर्जनानंतरही चार दिवस टिकला. कातडीवर सुकलेला हा रंग कशानेही निघत नाही, कातडीच बदलावी लागते.

वरच्या थराबद्दल एक इशारा. हा रंग उन्हात टिकत नाही. अतिनील किरणांनी त्याची चमक जाऊन तो राखाडी पडतो. गाडीच्या पुढच्या नाकाच्या कवचाबाहेर उघड्या राहणाऱ्या नळ्यांवर म्हणूनच दुसरा, ऊन सोसणारा रंग चढवायला हवा, आणि तोही पहिला रंग बोटाला किंचित ओढ देत असतानाच. ही वेळ तासा-दोन तासांची असते. ती आली तेव्हा मी जेवायला आत गेलो होतो आणि पोळ्या गरम होत्या. सकाळी पाहतो तो थर दगड झालेला. मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन प्रत्येक नळीच्या चारही बाजू आणि प्रत्येक कोपरा घासत बसलो. दोन रविवार त्यात गेले.

आता गाडी रस्त्यावर आल्यानंतरचे, म्हणजे मेपासूनचे. आयव्हीएच्या, म्हणजे घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी तपासणीत धारदार कडांवर जेवढे लक्ष असते तेवढे रंगावर नसते, तरीही रंगाने तिथे एकदा अडवलेच. मी चौकटीवर ठोकून उठवलेला चॅसिस क्रमांक या स्वतःच सपाट होणाऱ्या रंगाने इतका छान भरून काढला होता, की तपासनीसांनी टॉर्च तिरका धरला तरी दोन आकडे लागेनात. तिथेच उभ्या उभ्या खरवडून मोकळे केले. क्रमांकावर आधी चिकटपट्टी लावावी, हे मी इतरांना आता सांगत असतो. अर्थिंगचेही तसेच; गाडीत विजेची परतीची वाट चौकटीच्या लोखंडातूनच जाते. मागचा इंडिकेटर कधी लागे, कधी न लागे, कारण वायरची रिंग दोन हात रंगावर आवळलेली होती. अर्थच्या प्रत्येक जागी बोल्टखालचा रंग उजळ लोखंडापर्यंत काढावा आणि जोडून झाल्यावर वरून ग्रीस द्यावे.

आनंदाची गोष्टही नोंदवतो. जुलैत क्लचचे तेल भरताना पाव पेलाभर द्रव खालच्या नळीवर सांडला आणि माझ्या लक्षात आला तो दुसऱ्या दिवशी. ब्रेक आणि क्लचचा हा द्रव साध्या ऑइल पेंटला तासाभरात सोलून काढतो. इथे नुसते पुसले आणि डागही राहिला नाही. त्या दिवशी मी कोल्हापूरला काकांना फोन करून ही हकिगत सांगितली. त्यांचे शिवाजी उद्यमनगरात ग्रिल आणि गेट बनवण्याचे वर्कशॉप होते. ते म्हणाले, "अरे, दोन हात रेड ऑक्साइड आणि वरून ऑइल पेंट मारला असतास, चार पैसे वाचले असते. गाडी वापरणार किती, न् तुझा रंग किती!" मी त्यांना म्हटले की काका, इथे नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ टाकतात, चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतले तपकिरी खडे मीठ, आणि ते चाकाबरोबर उडून प्रत्येक खाचेत बसते. ते थोडे थांबून म्हणाले, "मग गाडी हिवाळ्यात काढू नकोस की." याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी गाडी हिवाळ्यात काढलीही.

मीठ सर्वांत आधी शोधते ती ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी नळी यांमधली जागा. दोन धातू, मध्ये खारे पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. त्यात झिजते ते ॲल्युमिनियम आणि पत्र्याखाली पांढरी भुकटी साठते. म्हणून रिव्हेटची सगळी भोके आधी पाडावीत, मग रंगवावे आणि पत्रा बसवताना मध्ये पॉलियुरेथेन सीलंट भरावा. मी डावी बाजू अशी केली. उजव्या बाजूला घाई झाली आणि रंगवल्यानंतर भोके पाडली. फेब्रुवारीत पाहिले तर डावी बाजू कोरी होती आणि उजवीकडे अकरा रिव्हेटांभोवती पांढरे कडे धरलेले होते. हा दोष रंगाच्या खात्यात घालणे अन्यायाचे होईल.

आणि आता ती पट्टी. मी विक्रेत्याला सहा छायाचित्रे पाठवली आणि भाषा फारशी मऊ ठेवली नाही. त्यांचे उत्तर तीन प्रश्नांचे होते: लोखंड नवे होते का, त्याला कशाने घासले, आणि रंगाआधी लावायचे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण वापरले का. ते द्रावण वेगळे विकत मिळते. मला तो सरळ माल खपवण्याचा प्रकार वाटला आणि मी तसे कळवलेही. चार पत्रे झाली. त्यांचे म्हणणे सूचना पाळल्या नाहीत, माझे म्हणणे डब्यावर अर्ध्या इंचाच्या अक्षरांत 'गंजावर थेट लावा' असे छापणाऱ्यांनी गुळगुळीत लोखंडाची सूचना मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत का छापावी.

पाचवे पत्र लिहिण्याआधी पुरावा वाढवावा म्हणून मी मागच्या चौकटीवरही खरवडणी चालवली, आणि तिथे माझी पंचाईत झाली. रंग निघेना. पात्याची धार गेली, पण पापुद्रा सुटला नाही. रंग तोच, डबाही तोच. फरक एवढाच, की मागची अर्धी चौकट मी आदल्या वर्षी जोडली होती आणि ती एक हिवाळा गॅरेजमध्ये तशीच पडून पातळ गंज धरून बसली होती. तिला मी वायरब्रशने वरवर घासून रंग दिला होता. पुढची चौकट मात्र ऑगस्टमध्ये नुकतीच झाली होती आणि अभिमानाने, ग्राइंडरला बारीक फ्लॅप डिस्क लावून, वेल्डिंग दिसेनासे होईपर्यंत मी तिला भांड्यासारखी उजळली होती. या रंगाला धरायला खडबडीत जागा हवी असते. गंजाच्या रंध्रांत तो मुळे रोवतो, आणि उजळलेल्या लोखंडावर नुसता बसतो, पाहुण्यासारखा. आम्लाचे ते द्रावण लोखंडाला किंचित खाऊन वर फॉस्फेटचा राखाडी थर सोडते. माझ्या पुढच्या चौकटीला जे हवे होते ते नेमके तेच होते. म्हणजे जिथे मी आळस केला तिथे रंग टिकला आणि जिथे मेहनत घेतली तिथे तो सोलून निघाला.

तेव्हा माझे मत निम्मे बदलले आहे. पडून गंजलेली, जुनी चौकट असेल तर हा रंग निःशंक घ्यावा. नवी असेल तर ८० नंबरच्या कागदाने खडबडीत करून, द्रावण लावून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच घ्यावा, नाहीतर सरळ दोन डब्यांचा इपॉक्सी वापरावा. इपॉक्सीला दहा अंशांखालच्या गॅरेजमध्ये सुकायला जड जाते, पण त्याचा उरलेला माल दोन वेगळ्या डब्यांत राहतो आणि झाकणे उघडतात. शिवाय चॅसिसला काळा रंग देऊ नये, फिका राखाडी द्यावा. काळ्यावर गंजाची रेघ आणि वेल्डची भेग दोन्ही लपतात. माझी पट्टी नखाला लागली नसती तर ती अजून दिसली नसती.

पाचवे पत्र मी पाठवले, पण ते वेगळे होते. चूक निम्मी माझी आहे हे लिहिले, अक्षरांच्या आकाराविषयीचे म्हणणे कायम ठेवले आणि झाकणाविषयी एक पूर्ण परिच्छेद जोडला. आठवड्याने त्यांच्याकडून द्रावणाची बाटली आणि एक डबा विनामूल्य आला. सोबतच्या चिठ्ठीत झाकणाचा उल्लेख नव्हता. डबा ९४६ मिलीचाच आहे. पुढच्या भागाला लागणार फार तर पाव डबा, म्हणून एप्रिल संपत आला तरी मी तो उघडलेला नाही; आमच्या फाटकाचे लोखंडी गज, कुंड्यांचे स्टँड आणि शेजाऱ्यांची जुनी ट्रॉली असे गंजलेले काय काय एकाच शनिवारी रंगवता येईल, याची यादी गॅरेजच्या दारावर लावून ठेवली आहे.