ओलेड की मिनी-एलईडी? आधी बाजूच्या खुर्चीत बसून बघा

मोठा टीव्ही घ्यायचा म्हटलं की गाडी शेवटी ओलेड आणि मिनी-एलईडी या दोघांवरच येऊन थांबते. ओलेडचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो; मिनी-एलईडी म्हणजे मागे बारीक एलईडी दिवे लावलेला एलसीडी, ज्याचे ठिपके मागचा प्रकाश फक्त अडवतात किंवा सोडतात. क्यूएलईडी हा तिसरा पर्याय वाटतो, पण तोही एलसीडीच, मागच्या प्रकाशाला क्वांटम डॉटच्या, म्हणजे रंग खुलवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, थराची जोड दिलेला. बऱ्याच मिनी-एलईडी टीव्हींत तो थर असतोच. मी आधी तीन वर्षं मिनी-एलईडी वापरला, आता दीड वर्ष ओलेड वापरतोय.

मिनी-एलईडीला मी नावं ठेवणार नाही. भर दुपारी, खिडकी सताड उघडी ठेवून मॅच बघायची तर तोच टीव्ही. स्क्रीनभर बर्फ दिसत असला तरी त्याचा उजेड फारसा ढळत नाही. ओलेड अशा वेळी थोडा नरमतो, कारण सगळी स्क्रीन पांढरी झाली की तो आपणहून उजेड कमी करतो.

माझं मत बदललं ते आईच्या खुर्चीमुळे. सोफ्याच्या डाव्या अंगाला, टीव्हीला बरीच तिरकी अशी तिची जागा. "अरे, अक्षरांभोवती धुकं का दिसतंय?" असं ती अधूनमधून विचारायची. मी सोफ्यावरून बघायचो, मला तर सगळं स्वच्छ दिसायचं. सेटिंग्ज खालीवर करून झाल्या, तिच्या चष्म्याचा नंबरही तपासून आणला. मग एका रात्री ती लवकर झोपली आणि मी सहज तिच्या जागी बसलो. काळ्या पाण्यावर होडी चाललेली, चित्राच्या खाली काळी पट्टी. संवाद सुरू झाला, पट्टीत सबटायटलची एक ओळ उमटली आणि त्या ओळीभोवतीचा काळा भाग राखाडी झाला. ओळ गेली, पुन्हा काळा. पुढची ओळ, पुन्हा राखाडी. पंधरा मिनिटांत माझंच डोकं उठलं. आई हे तीन वर्षं बघत होती.

कारण साधं आहे. ४के स्क्रीनवर सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात, तर मागचा प्रकाश काहीशे ते काही हजार झोनमध्ये, म्हणजे वेगवेगळे पेटणाऱ्या चौकटींत, विभागलेला. हजार झोन धरले तरी एका झोनमागे आठ हजारांवर पिक्सेल येतात. एक पांढरं अक्षर दाखवायला तो अख्खा झोन पेटतो आणि आजूबाजूच्या काळ्या पिक्सेलना तो प्रकाश अडवून धरावा लागतो. एलसीडी पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. माझ्या टीव्हीतलं व्हीए पॅनेल समोरून हे काम फार छान करायचं, पण तिरकं बघितलं की प्रकाश झिरपायचा. आयपीएस पॅनेल बाजूने बरं दिसतं, पण त्याचा काळा रंग समोरूनच फिका. झोन वाढले की हा त्रास कमी होतो हे खरं, पण माझ्या अनुभवात तो पुरता जात नाही.

ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, नाहीतर बंद असतो. अक्षर पांढरं, शेजारचा पिक्सेल काळा, आणि हे आईच्या खुर्चीतूनही तसंच दिसतं.

त्याचीही कुरकुर आहे. बर्न-इन, म्हणजे सतत दिसणाऱ्या चित्राचा डाग स्क्रीनवर राहून जाणं, ही खरं तर झीज. जे पिक्सेल जास्त जळतात ते आधी मंदावतात. दिवसभर एकच वृत्तवाहिनी, तोच लोगो, तीच पट्टी असं तुमच्या घरी असेल तर मी ओलेड सुचवणार नाही. आमच्याकडे अजून तसं काही दिसलेलं नाही. मात्र रिमोटने बंद केल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नका. पिक्सेलची झीज सावरण्याचं काम टीव्ही स्टँडबायमध्ये असतानाच चालतं. दुसरं, सिनेमे सेकंदाला २४ फ्रेमचे आणि ओलेडचा पिक्सेल क्षणात बदलतो, त्यामुळे कॅमेरा हळू सरकताना चित्र अडखळल्यासारखं वाटतं. पहिले काही आठवडे मला ते खटकलं. हालचाल गुळगुळीत करणारी मोशनची सेटिंग अगदी खालच्या पायरीवर ठेवली आणि विसरून गेलो. तिसरं, क्यूडी-ओलेड (क्वांटम डॉटचा थर असलेला ओलेड) घेणार असाल तर खोलीत दिवा लावून बघा. त्याचा काळा रंग उजेडात किंचित जांभळट-राखाडी होतो. अंधारात मात्र रंग फार सुरेख.

सगळे समोरच बसत असतील आणि टीव्ही मुख्यतः दिवसा लागत असेल तर मिनी-एलईडी घ्यायला हरकत नाही, पैसेही वाचतील. पण एक तरी खुर्ची बाजूला असेल आणि सबटायटल लावून बघायची सवय असेल, तर मी ओलेडकडेच झुकेन. दुकानातल्या लखलखाटात हा फरक कळत नाही. शक्य तर आसपासचे दिवे मालवायला सांगा, सबटायटल असलेलं रात्रीचं दृश्य लावा आणि दोन पावलं बाजूला सरका.

दुपारी मॅच असली की आता खिडकीचा पडदा ओढावा लागतो. आई स्वतःच उठून ओढते.