इंदुरात नुसती ओपीडी की दहा खाटांचं नर्सिंग होम?

रामबागेत किंवा स्नेहलतागंजात वडिलोपार्जित घर आहे, तळमजला रिकामा आहे आणि लेक किंवा सून एमडी होऊन परतली आहे. खाली दवाखाना काढावा, की वर दहा खाटाही टाकाव्यात? बांधकामाचा आणि यंत्रांचा खर्च सगळेच मांडतात. कायद्याचं गणित मात्र दहाव्या खाटेला नाही, पहिल्याच खाटेला बदलतं.

नोंदणी दोन्हीकडे लागतेच. 2010 चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा मध्यप्रदेशात चालत नाही. इथे राज्याचा 1973 चा उपचर्यागृह आणि रुजोपचार स्थापनांचा (म्हणजे नर्सिंग होम आणि दवाखान्यांचा) कायदा आहे, त्याचे नियम 1997 चे. अर्ज सीएमएचओकडे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याकडे करायचा. पुण्या-नागपूरहून शिकून आलेल्यांनी त्याआधी मध्यप्रदेश मेडिकल कौन्सिलमध्ये नाव घालावं आणि पदव्युत्तर पदवीही चढवून घ्यावी. महाराष्ट्राच्या नोंदणीवर इथे अर्ज अडतो.

खरा फरक इमारतीत आहे. ओपीडीतला पेशंट आपल्या पायांनी बाहेर पडतो, खाटेवरच्याला उचलून न्यावं लागतं. म्हणून खाटा आल्या की अग्निसुरक्षा, जिन्याची रुंदी, बाहेर पडायची दुसरी वाट, विजेचा भार या सगळ्याची तपासणी होते. 1 ऑगस्ट 2022 ला जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात आग लागून 8 जण गेले. तेव्हापासून राज्यात फायर एनओसीकडे, म्हणजे अग्निसुरक्षेच्या ना-हरकत दाखल्याकडे, कानाडोळा करणं कठीण झालं आहे, आणि तो होऊही नये. जुन्या घराचा नगर निगमने मंजूर केलेला नकाशा बहुधा निवासी असतो, जिना एकच आणि अरुंद. आधी नकाशा आणि फायर, मग खाटा आणि ऑपरेशन थिएटर. हा क्रम उलटा केला की फरशा बसल्यावर भिंत फोडायची पाळी येते.

बायोमेडिकल कचऱ्याचे 2016 चे नियम दोघांनाही लागू, फरक परवान्याच्या मुदतीत. खाटा नसलेल्या दवाखान्याला प्रदूषण मंडळाचं ऑथरायझेशन एकदाच घ्यावं लागतं. खाटा असल्या की ते मंडळाच्या कन्सेंटच्या, म्हणजे रुग्णालय चालवायच्या परवानगीच्या, मुदतीला बांधलेलं असतं आणि नूतनीकरण मागे लागतं. एका इंजेक्शनचा कचरा कुठे कुठे जातो पाहा: सुई कटरमध्ये कापून पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, सिरिंजचं प्लास्टिक लाल पिशवीत, काचेची कुपी निळ्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, वेष्टनाचा कागद साध्या सुक्या कचऱ्यात. नगर निगमच्या गाडीत घरगुती सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा असतो आणि नवा मदतनीस कापूस त्यातच टाकून मोकळा होतो. चूक नेमकी तिथे होते. कचरा 48 तासांहून जास्त ठेवायचा नाही आणि वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत द्यायचा. लहान दवाखाने हा अहवाल हमखास विसरतात.

सोनोग्राफी ठेवणार असाल तर जोखीम दोन्हीकडे तेवढीच, आणि सर्वांत कडक कायदा हाच. पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी 5 वर्षांची. प्रत्येक गरोदर स्त्रीचा फॉर्म एफ (तपासणीच्या नोंदीचा नमुना) भरायचा आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत पोचवायचा. फॉर्ममधली रिकामी जागा नुसती कारकुनी चूक धरली जात नाही. उल्लंघन झालं नाही हे डॉक्टरलाच सिद्ध करावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही तरतूद कायम ठेवली. मशीन, जागा किंवा माणूस बदलायचा तर 30 दिवस आधी कळवायचं. मशीन उचलून दुसऱ्या मजल्यावर नेण्याआधी हे लक्षात ठेवा.

शस्त्रक्रिया होणार तिथे संमतीपत्राचं वजन वाढतं. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. म्हणजे छापील एका ओळीवर सही घेऊन भागत नाही. कोणती शस्त्रक्रिया, धोके कोणते, पर्याय कोणते हे पेशंटच्या भाषेत लिहिलेलं हवं. भरती पेशंटचे कागद किमान 3 वर्षं जपायचे आणि त्याने मागितले तर 72 तासांत द्यायचे.

एकच डॉक्टर असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: सुरुवातीला खाटा टाकू नका. खाटा म्हणजे चोवीस तास डॉक्टर आणि नोंदणी झालेल्या नर्स. रात्रपाळी नात्यातल्या माणसावर ढकलली की कायद्याआधी पेशंटला धोका होतो. घरी ओपीडी चालवा आणि भरतीचे पेशंट परवाने चोख असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात घ्या. दोन डॉक्टर, दोन वाटांची इमारत आणि रात्रीची माणसं ठरलेली असतील, तरच नर्सिंग होमचा अर्ज भरा.

दुसऱ्या रुग्णालयाशी जोडून घेतानाही तोंडी बोलण्यावर जाऊ नका. केसपेपर कोणाच्या ताब्यात राहणार, रात्री दोनला फोन आला तर कोण उठणार आणि बिल कोणाच्या नावाने निघणार, या तीन गोष्टी पहिला पेशंट पाठवण्याआधी कागदावर हव्यात.