हितसंबंध सांगून बसायचं की उठून जायचं?

संचालकाची भागीदारी असलेल्या फर्मला कंपनीचं कंत्राट द्यायचं आहे. त्याच्यापुढे दोन वाटा असतात: हितसंबंध सांगून चर्चेत बसणं, किंवा सांगून बाहेर पडणं.

कंपनी कायदा, 2013 चं कलम 184 दुसऱ्या वाटेच्या बाजूचं आहे: जाहीर करा, त्या विषयात भाग घेऊ नका. खासगी कंपन्यांना मात्र 2015 च्या अधिसूचनेनं जाहीर केल्यावर भाग घेण्याची मुभा दिली. मुभा आहे म्हणून वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे!

बसण्याचा फायदा खरा आहे. त्या कामातले खाचखळगे त्यालाच ठाऊक असतात. पण तो समोर असताना ‘दर जास्त आहे’ म्हणायला सहकारी कचरतात. गप्प बसला तरी दबाव राहतोच.

म्हणून माहिती आधी लेखी घ्यावी, इतर दोन-तीन दरपत्रकांसोबत मांडावी आणि मतदानापूर्वी त्याने खोलीबाहेर जावं. तो कधी गेला, कधी परतला, हे इतिवृत्तात लिहावं. इथेच बहुतेक जण चुकतात: वर्षारंभी एमबीपी-1 हा हितसंबंध जाहीर करण्याचा नमुना भरतात आणि प्रत्यक्ष विषय आला की तोंड उघडत नाहीत.

दोनच संचालक असतील तर गणसंख्येचा, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीचा, पेच पडतो; तिथे उठून जाणं नुसतं कागदावर सोपं.